हातबनावटीच्या शिकारी सुरीची मूठ: घडवणं, घासणं, पॉलिश (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पातं, त्याचं स्टील, त्याला दिलेलं पाणी (म्हणजे तापवून कडक करणं) यावर हौशी मंडळी तासन्‌तास बोलतात. मुठीची वेळ आली की मात्र ‘शिसवी लावली, पॉलिश मारलं’ इतक्यात विषय आटोपतो. माझं मत विचाराल तर साधारण पातं आणि नीट मूठ असलेली सुरी वर्षानुवर्षं वापरात राहते. उत्तम पात्याला बेंगरूळ मूठ असेल, तर दोन-चार वेळा कौतुकाने दाखवून झाल्यावर ती सुरी ड्रॉवरमध्ये पडते. मुठीबद्दल पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे साडेतीन ते चार इंची पात्याची, फुल टँगची (म्हणजे पात्याचं लोखंड मुठीच्याच आकारात शेवटपर्यंत जातं अशी) सुरी धरून चाला.

भारतात शिकारीला बंदी आहे. मग ‘शिकारी सुरी’ करायची कशाला?

नाव अमेरिकेतून आलंय. तिथे मारलेल्या हरणाचं कातडं सोडवायला आणि मांस वेगळं करायला जी आटोपशीर सुरी वापरतात तिला ‘हंटर’ म्हणतात. बॉब लव्हलेस (1929–2010) या अमेरिकन कारागिराने तिचा एक नमुना गाजवला. त्यात पाठीची रेघ टोकाकडे हलकेच खाली उतरते आणि मुठीच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांमधून पूर्ण रुंदीचं लोखंड दिसतं. आज जगभरातले बरेच हौशी कारागीर पहिली सुरी याच धर्तीवर करतात.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते बरंच झालं. पण हाच आकार ट्रेकला, शेतावर, मासळी साफ करायला, मटण कापायला उत्तम चालतो. शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या येतात; घरगुती किंवा शेतीकामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. आपली सुरी या मापांच्या बरीच आत बसते. तरी म्हणून ती कमरेला लटकवून बाजारातून हिंडू नका. मनाई आदेश लागू असेल तर पोलिसाला मुठीवरचं पॉलिश दाखवून सुटका होत नाही.

फुल टँग म्हणजे काय? आत जाणाऱ्या शेपटीपेक्षा ते चांगलं का?

पात्याचा जो भाग मुठीत जातो तो टँग. तो मुठीच्या आकाराचाच असेल आणि दोन्ही बाजूंना फळ्या (हौशी लोक ‘स्केल’ म्हणतात) चिकटवून रिव्हेट (आरपार जाणाऱ्या धातूच्या पिना) मारले असतील तर ते फुल टँग. टँग अरुंद शेपटीसारखा असून अख्ख्या ठोकळ्यात घुसवला असेल तर तो लपलेला टँग.

‘चांगलं’ दोन्ही आहे. फिनलंडची पुक्को सुरी पिढ्यान्‌पिढ्या लपलेल्या टँगवरच चालत आली आहे. तिची मूठ बर्च लाकडाची, नाहीतर बर्चच्या सालीच्या चकत्या एकावर एक रचून केलेली असते आणि ती कडाक्याच्या थंडीत हाताला गार लागत नाही. आपल्या गावातला लोहारही कोयत्याची शेपटी तापवून लाकडात जाळत बसवतो. पण ठोकळ्यात सरळ, अरुंद, खोल भोक पाडणं नवख्याला जड जातं. फुल टँगमध्ये सगळं डोळ्यांसमोर असतं, म्हणून सुरुवात तिथून करा. त्याचा तोटा म्हणजे वजन मुठीकडे जातं. त्यावर उपाय म्हणून टँगमध्ये दोन-चार जादा भोकं पाडतात. ही आणि रिव्हेटची भोकं पात्याला पाणी देण्याआधीच पाडून घ्या. कडक झालेल्या स्टीलवर साधा ड्रिल बिट नुसता किंचाळतो.

मुठीला कोणतं लाकूड घ्यावं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि लोक उत्तरात एक नाव मागतात. नावाआधी तीन गोष्टी बघा: लाकूड कोरडं हवं, दाणा बारीक हवा आणि तुकड्यात चीर नको.

शिसव ही सर्वांची आवडती, आणि ते लाड सार्थ आहेत. जड, घट्ट, घासल्यावर जांभळट-तपकिरी रेघा उठतात. ‘शिसम’ म्हणून विकलं जाणारं लाकूड तिचा उत्तरेकडचा भाऊ. रंगाने फिकं, पण कामाला चांगलं. या दोन्हींचं कूळ 2017 पासून साइट्स या, दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, म्हणून परदेशी असलेल्या भाच्याला सुरी पाठवायचा बेत असेल तर आधी नियम बघा.

बाभूळ लोक विसरतात. अवजारांचे दांडे, बैलगाडीचे भाग यासाठी ती आपल्याकडे कायम वापरली गेली, कारण मार सोसते. गाभ्याचा लालसर तुकडा मिळाला तर मूठ देखणी होते. खैरही तसाच, फक्त कानशीचा घाम काढतो. अंजन तर इतकं घट्ट की गाभ्याचा तुकडा पाण्यात बुडतो; चमक अप्रतिम येते, पण हाताने आकार द्यायचा तर दोन संध्याकाळी जास्तीच्या धरा. जुन्या चिंचेचा काळपट गाभा मिळाला तर सोडू नका.

सागवानाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. दारं-खिडक्यांना राजा, पण मुठीला मध्यम. दाणा मोठा, आत तेलकटपणा, त्यामुळे चिकटवण्याआधी जास्त पुसावं लागतं आणि कडा लवकर झिजतात. आंबा, फणस, सावर यांच्या वाटेला जाऊ नका. चंदनाचा मोह टाळा, त्याची तोड आणि वाहतूक दोन्ही परवानगीच्या जंजाळात आहेत.

सगळ्यात भरवशाचं लाकूड जुन्या घरात असतं. मोडक्या पलंगाचा खूर, जुन्या देवघराची चौकट, जात्याचा खुंटा. पन्नास वर्षं सुकलेलं लाकूड वखारीत विकत मिळत नाही. फक्त करवत लावण्याआधी चुंबक फिरवून आत खिळा नाही ना ते बघा.

लाकूड सुकलंय हे घरी कसं ओळखायचं?

स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तुकडा ठेवा आणि वजन त्याच्यावरच पेन्सिलीने तारखेसह लिहा. आठवड्याने पुन्हा. वजन उतरतंय तोवर पाणी बाहेर पडतंय. सलग तीन-चार आठवडे आकडा हलला नाही की तुकडा तुमच्या घरातल्या हवेशी जुळला. हे पावसाळ्यात करू नका. जुलैत रत्नागिरीत स्थिर झालेलं वजन मे महिन्यात सोलापुरात स्थिर राहणार नाही. उन्हात ठेवून घाई केली तर टोकांना चिरा पडतात. टोकांना मेण लावून सावलीत, वाऱ्यावर ठेवायचं.

सांबराचं शिंग लावता येईल का? जंगलात पडलेलं मिळालं तर?

नाही. गळून पडलेलं असलं तरीही नाही. सांबर-चितळाची शिंगं दरवर्षी आपोआप गळतात हे खरं, पण ती उचलणं, बाळगणं, विकणं हे सगळं वन्यजीव कायद्याखाली गुन्ह्यात येतं. एके काळी भारतातून ही शिंगं अधिकृतपणे परदेशी जात. अमेरिका-युरोपातल्या जुन्या सुऱ्यांवर जी खडबडीत तपकिरी मूठ दिसते ती बरेचदा आपल्या सांबराची असते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी निर्यात थांबली आणि तिकडे जुन्या साठ्याला सोन्याचा भाव आला. विजयदुर्गकडे गव्याच्या शिंगाच्या वस्तू करणारे कारागीर पूर्वी होते. गवाही आता संरक्षित आहे.

पाळीव म्हशीच्या शिंगाची गोष्ट वेगळी, ते वापरता येतं. उत्तर प्रदेशात संभलला शिंग आणि हाडाच्या वस्तूंचा मोठा व्यवसाय आहे, तिथून कापलेल्या पट्ट्या मिळतात. काळंभोर, आरशासारखं चमकणारं शिंग दिसायला फार सुंदर. पण ते केसा-नखाच्याच द्रव्याचं बनलेलं, म्हणून हवेतल्या ओलाव्याने फुगतं-आकसतं आणि वाकतं. पट्ट्या आणल्यावर महिनोन्‌महिने घरात पडू द्या. घासताना थोडीही गरम झाली तर केस जळल्याचा वास घरभर पसरतो आणि तुमचा छंद घरच्यांच्या डोळ्यांवर येतो.

लाकडाऐवजी काही कृत्रिम?

कापड किंवा कागद फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून दाबलेली पत्री परदेशी सुरीवाले ‘मायकार्टा’ नावाने विकत घेतात. तीच जात आपल्याकडे इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘हायलम शीट’ म्हणून मिळते. मुंबईत लोहार चाळीत, पुण्यात रविवार पेठेत विचारा. कागदाची नको, कापडाची द्या असं स्पष्ट सांगा. पाणी, घाम, मासळीचं रक्त, कशाचाच तिला फरक पडत नाही. 400 नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंतच घासून सोडली तर ओल्या हाताला लाकडापेक्षा घट्ट बसते. लव्हलेसच्या कित्येक सुऱ्यांना हिरव्या मायकार्टाची मूठ आणि खाली लालबुंद पातळ पट्टी आहे. ती लाल रेघ त्याची ओळखच होऊन बसली. कामाची सुरी हवी असेल तर मी हायलमच सुचवेन. ती दिसायला गरीब, एवढाच तिचा दोष.

फळ्या चिकटवण्याचा क्रम काय?

इथे घाई केली की पुढे दुरुस्ती नाही.

पहिलं काम म्हणजे फळ्यांची पुढची टोकं, पात्याकडची, चिकटवण्याआधीच पूर्ण आकारात आणून, 600 नंबरपर्यंत घासून, पॉलिशच्या तयारीत आणायची. एकदा चिकटल्यावर तिथे कानस घातली की पात्यावर ओरखडे पडणारच. दोन्ही फळ्या एकमेकींना पिनांनी जोडून टोकं एकत्र घासा, म्हणजे डावी-उजवी सारखी येतात.

भोकांसाठी एक फळी टँगला क्लॅम्पने धरा, टँगच्या भोकातून ड्रिल घाला, खाली टाकाऊ लाकूड ठेवा म्हणजे मागच्या बाजूला कपच्या उडणार नाहीत. त्या भोकात तात्पुरती पिन टाकून मग दुसरं भोक पाडा. दुसरी फळी तशीच. पितळेची सळई 5 मिमीची असेल तर भोक केसभर सैल हवं. हातोडीने ठोकून बसवलेली घट्ट पिन लाकूड आज नाहीतर उद्या फाडते.

आतली बाजू 60-80 नंबरच्या पेपरने खरवडा. टँगही तसाच. चकचकीत पृष्ठभागावर अराल्डाइट (रेझिन आणि हार्डनर मिसळून होणारा गोंद) धरत नाही. मग ॲसिटोनने पुसा, बोट लावू नका. तेलकट लाकूड असेल तर दोनदा पुसा आणि लगेच चिकटवा.

पाच मिनिटांत घट्ट होणारं मिश्रण मुठीसाठी नको. हळू सुकणारं साधं घ्या, रेझिन आणि हार्डनर पाकिटावरच्या प्रमाणात मोजून, एकजीव होईपर्यंत मळून. क्लॅम्प फार आवळला तर सगळा गोंद बाहेर येतो आणि आत कोरडा जोड राहतो. कडेने बारीक, सलग रेघ बाहेर आली की थांबा. पात्याजवळ आलेला गोंद ओला असतानाच कानात घालायच्या कापसाच्या काडीला ॲसिटोन लावून पुसा. मग 24 तास विसरून जा. नाशिकच्या डिसेंबरमध्ये तर दोन दिवस.

मुठीचा आकार नेमका ठरवायचा कसा?

आधी हात मोजा. अंगठा सोडून, तर्जनीच्या बाजूपासून करंगळीच्या बाजूपर्यंत तळहाताची रुंदी घ्या. तुमचे आकडे काहीही येवोत, पकडीची लांबी त्यापेक्षा दीड-दोन सेंटीमीटर जास्त ठेवा. सरासरी पुरुषी हाताला साधारण 100 ते 110 मिमी पुरते. जाडी सगळीकडे सारखी नको. तर्जनी-अंगठ्याच्या जागी 16 ते 18 मिमी, तळहाताच्या खळग्यात 20-22, करंगळीच्या अलीकडे पुन्हा थोडी कमी आणि शेवटी बारीकसा उठाव, म्हणजे ओल्या हातातून सुरी मागे सटकत नाही.

आकडे पुरे वाटत नसतील तर गणपतीनंतर उरलेली शाडू माती उपयोगी येते. टँगला प्लास्टिक गुंडाळा, दोन्ही बाजूंना माती थापा, पात्याला जाड पुठ्ठ्याचं म्यान करा आणि खरंच काही कापताना धराल तशी पकड घ्या. एकदा सरळ, एकदा अंगठा पाठीवर ठेवून, एकदा पातं वर करून. माती जिथे दबून बाहेर आली तिथे तुमच्या हाताला लाकूड नकोय. जिथे पोकळी राहिली तिथे हवंय. बोटांचे ठसे उमटतील, ते मात्र लाकडात उतरवू नका.

बोटांसाठी खाचा पाडल्या तर पकड चांगली होत नाही का?

दुकानात धरून बघताना छान वाटतं. कामात तो त्रास असतो. चार खाचांची मूठ एकाच हाताला, एकाच पकडीत बसते. पकड जरा बदलली की दोन खाचांमधला उंचवटा बोटाच्या सांध्यावर येतो. तर्जनीसाठी एक खोलगट वळण ठेवा, बाकी खालची रेघ सलग वाहू द्या.

चौकोनी ठोकळ्याला गोलाई कशी आणायची? मशीन लागतं का?

मशीन नसेल तर उलट बरं, चुका हळू होतात. साधनं इतकीच: अर्धगोल मोठ्या दातांची कानस, एक बारीक अर्धगोल कानस, व्हाइस आणि पॉलिश पेपर. पात्याला आधी कागद, वर दोन-तीन थर टेप लावा. उघडं पातं व्हाइसमध्ये धरून मूठ घासणाऱ्यांच्या हातावर टाक्यांच्या खुणा असतात.

सुरुवातीला बाजूने दिसणारा आकार, म्हणजे पाठीची आणि पोटाची रेघ, टँगच्या लोखंडापर्यंत घासून पूर्ण करा. तोवर कडांना हात लावू नका. मग वरून बघत जाडी उतरवा. आता मूठ आकारात आली आहे, पण चौकोनी आहे. प्रत्येक कडेपासून सारख्या अंतरावर पेन्सिलीने रेघ ओढा आणि दोन रेघांमधला भाग 45 अंशांत सपाट कापून टाका. आधी डावीकडची कड, लगेच उजवीकडची तीच कड; एक बाजू पूर्ण करून मग दुसरीकडे जाणारा हमखास वाकडी मूठ करतो. मग नव्या कडांना पुन्हा रेघा, पुन्हा बारीक उतार. एवढं झालं की गोलाई जवळपास आलेलीच असते.

शेवटचे उंचवटे काढायला कापडी पाठीचा 80 नंबरचा पेपर बोटभर रुंद पट्टीत फाडा, मुठीला वेढा घाला आणि ताक घुसळताना दोरी ओढतात तसा दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढा. पट्टी वळणावर आपोआप बसते. टोकांपाशी ओढू नका, तिथलं लाकूड फार पटकन उतरतं.

काप कसा असावा? पूर्ण गोल नको. गोल मुठीत अंधारात धार कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळत नाही. अंड्यासारखा लांबट घ्या, पाठीकडे रुंद, पोटाकडे निमुळता.

बाजू सारख्या आहेत का, हे सुरी उभी धरून मागच्या टोकाकडून खिडकीच्या उजेडात बघा. डोळ्यांपेक्षा अंगठा खरा: डोळे मिटून दोन्ही अंगठे दोन्ही बाजूंवरून एकाच वेळी फिरवा, तांदळाएवढा फरकही कळतो.

आकार झाला, आता थांबायचं हे कसं कळणार?

कापून बघा. पॉलिशच्या आधी हात साबणाने ओला करून दहा मिनिटं जाड काथ्याची दोरी किंवा पुठ्ठा कापा. मग तळहात बघा. जिथे लाल डाग उठलाय तिथे मुठीत एक कड उरली आहे, बहुधा पाठीच्या मागच्या भागात किंवा पिनेच्या आसपास. तिथे पेन्सिलीने खूण करा, थोडं उतरवा, पुन्हा कापा. नवख्यांच्या मुठी जवळजवळ नेहमी जाड असतात. लाकूड महाग पडलेलं असतं, घासून टाकायला जीव होत नाही. ती थोडी बारीक वाटली की साधारण बरोबर आली समजा.

पॉलिश पेपर कुठल्या नंबरपर्यंत न्यायचा?

80, 120, 220, 320, 400, 600. मधला नंबर गाळू नका; 120 चे ओरखडे 400 ने जात नाहीत, नुसते चमकतात. सुरुवातीचे पेपर दाण्याला तिरके चालले तर चालेल, 220 पासून पुढे दाण्याच्या दिशेनेच. 220 आणि 400 नंतर ओल्या फडक्याने मूठ पुसा, सुकू द्या. दबलेले तंतू उभे राहतील, ते हलक्या हाताने काढून टाका. हे आत्ता केलं नाही तर पहिल्या पावसात मूठ खरखरीत होते.

लाकडाला 600 वर थांबा. त्यापुढे मूठ कपाटासाठी होते, हातासाठी नाही. शिंग मात्र 2000 पर्यंत न्या, मग सुती कापडाच्या चाकावर पॉलिश.

फिकं लाकूड आणि पितळी पिना एकत्र असतील तर पितळेची काळी धूळ लाकडाच्या छिद्रांत जाते. त्यासाठी 220 नंतर चपडीचा (लाखेच्या पॉलिशचा) एक पातळ हात मारून छिद्रं बुजवा, मग पुढे घासा. बाभूळ आणि खैरात टॅनिन असतं. लोखंडाचा कीस आणि पाणी एकत्र आलं की त्यावर शाईसारखे निळे-काळे डाग पडतात. म्हणून अशा लाकडावर ओलं घासणं आणि स्टील वूल, दोन्ही टाळा.

कोणतं तेल, कोणतं पॉलिश?

जवसाचं तेल, हार्डवेअरच्या दुकानात ‘डबल बॉईल’ नावाने मिळतं ते. पातळ हात लावा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा, एक दिवस ठेवा. असे चार ते सहा हात. लोक चुकतात ते पुसण्यात. जाड थर लावून ‘पिऊ दे लाकडाला’ म्हणून ठेवला की वर चिकट साय धरते आणि आठवडाभर सुकत नाही. शेवटी मधमाशांच्या मेणाचा एक हात. मूठ कोरडी वाटू लागली की वर्षातून एकदा पुन्हा तेल.

या तेलाचा एक धोका लक्षात ठेवा. ते सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. भिजलेली फडकी चुरगळून डब्यात टाकली तर ती उष्णता आत कोंडून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. वापरलेलं फडकं उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

खोबरेल, शेंगदाणा, मोहरी ही तेलं सुकतच नाहीत. पहिल्या दिवशी चमकतात, मग धूळ पकडतात आणि खवट वास येतो. चपडीचं फ्रेंच पॉलिश फर्निचरवर बघावं तर डोळे निवतात, पण मुठीवर पाण्याचे पांढरे डाग पडतात आणि स्पिरिट सांडलं तर विरघळतं. खालचा थर म्हणून ठीक, वरचा म्हणून नको. पीयू आणि मेलामाइन ही फर्निचरची कृत्रिम पॉलिशं टिकतात खरं, पण हाताला लाकूड न लागता प्लास्टिक लागतं. एवढी मेहनत करून शेवटी प्लास्टिक धरायचं असेल तर हायलमच का लावू नये?

धुळीचा खरंच एवढा त्रास होतो?

होतो. शिसवीच्या धुळीने कित्येकांच्या अंगावर पुरळ उठतं, नाक गळतं. हायलमची आणि काचतंतूच्या पत्र्यांची धूळ तर फुप्फुसात जाऊच नये. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-95 घ्या. कृत्रिम पत्री ओली करून घासली तर धूळ उडतच नाही. पोरंबाळं आणि वाळत घातलेले कपडे लांब ठेवा.

पावसाळा संपला आणि टँगचं लोखंड लाकडाच्या वर आलेलं बोटाला लागतंय. काय झालं?

लाकूड आकसलं, लोखंड होतं तिथेच आहे. म्हणजे फळ्या लावताना पुरेशा कोरड्या नव्हत्या. घाबरायचं कारण नाही. एक उन्हाळा जाऊ द्या, आकसायचं तेवढं आकसू द्या, मग 320 नंबरने लोखंड आणि लाकूड पुन्हा एकपातळीत आणून तेल लावा. जोडात केसाएवढी फट दिसली तर पातळ सुपरग्लूचा थेंब सोडा, तो स्वतःच आत ओढला जातो. नख जाईल इतकी फट असेल तर मात्र फळी काढून नवीन लावणंच बरं, आत पाणी जाऊन टँग गंजतो.

रोजच्या वापरात काय जपायचं?

सिंकमध्ये भिजत टाकू नका. धुवा, पुसा, ठेवा. चामड्याच्या म्यानात कायमची ठेवू नका. कमावलेल्या चामड्यातल्या रसायनांनी आणि दमटपणाने पितळी पिनांवर हिरवट थर धरतो आणि पातं ठिपक्याठिपक्यांनी गंजतं. म्यान प्रवासापुरतं.

जुन्या सुरीची मूठ काढून नवी बसवता येते का?

येते, आणि पहिल्या प्रयोगाला हे नवी सुरी करण्यापेक्षा सोपं. पात्याला टेप लावा. पिनांची डोकी ड्रिलने उडवा. बिट पिनेपेक्षा किंचित लहान घ्या. मग मूठ उकळत्या पाण्यात काही मिनिटं धरा. अराल्डाइट उष्णतेने मऊ पडतं, फळी आणि टँगच्या मधे पातळ पटाशी घालून हलकेच उचकटली की ती सुटते. गॅसच्या ज्वाळेवर धरू नका. उकळतं पाणी 100 अंशांपुढे जात नाही, पण ज्वाळेने टँगमधून उष्णता पात्यात शिरली आणि ते दोनशे-अडीचशे अंशांवर गेलं तर दिलेलं पाणी उतरतं. पात्यावर गवती पिवळा, मग तपकिरी, मग निळा रंग चढताना दिसला तर समजा की धार आता टिकणार नाही. फळ्या निघाल्या की टँग लगेच पुसून कोरडा करा, जुना गोंद आणि गंज 80 नंबरने खरवडा, आणि निघालेल्या फळ्या फेकू नका. नव्या कापायला त्याच नमुना म्हणून लागतात.